मायका बेलचं बालपण मला नको

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या गेममधला मायका बेल म्हणजे कच्च्या लेखनाचा नमुना, असं म्हणायची बेंगळुरात गेम करणाऱ्या मंडळींमध्ये एक रीतच पडली आहे. आर्थर मॉर्गनचे किती पदर, डच व्हॅन डर लिंडचे किती पदर, आणि मायका? तो वाईट आहे कारण तो वाईट आहे. त्याला बालपण नाही, जखम नाही, डोळ्यांत पाणी आणणारा एकही प्रसंग नाही. एवढ्या अवाढव्य गेमच्या लेखकांना मुख्य प्रतिस्पर्ध्यासाठी अर्ध्या तासाचा भूतकाळ लिहायला सवड मिळाली नाही का, असा हा आक्षेप. तो मी कोरमंगलात कॉफीच्या टेबलावर ऐकलाय, गोष्टी लिहायला शिकवणाऱ्या कार्यशाळेत ऐकलाय आणि यूट्यूबवरच्या तासतासभराच्या विश्लेषणांत तर इतक्यांदा ऐकलाय की बोलणाऱ्याचं पुढचं वाक्य मी आधीच म्हणू शकतो. त्याच्या शेपटाला बांधून एक नियमही येतो: प्रतिस्पर्ध्याला आधी दुखवा, मग लढायला उभा करा.

आक्षेप मला चुकीचा वाटतो. नियम तर घातकच वाटतो.

हा वाद बेंगळुरात जरा मनावर घेण्यासारखा आहे. राजेश राव यांनी १९९७ साली इथे ध्रुव इंटरॅक्टिव्ह सुरू केली, तेव्हा गेम बनवणं या देशात धंदा म्हणून कुणी धरतच नव्हतं. पुढची वीसेक वर्षं ध्रुवने मुख्यतः परदेशी स्टुडिओंचं काम केलं. गोष्ट त्यांची, चित्रं आणि वस्तू घडवणारे हात इथले. २०१९ मध्ये रॉकस्टारने ती कंपनी स्वीडनच्या स्टारब्रीझकडून सुमारे ७९ लाख डॉलरला घेतली आणि शहरात आधीपासून चालू असलेल्या रॉकस्टार इंडियात मिळवून टाकली. ‘रेड डेड २’ बाजारात आला २६ ऑक्टोबर २०१८ ला. त्याच्या श्रेयनामावलीत बेंगळूरच्या या स्टुडिओचंही नाव आहे. म्हणजे मायका ज्या जगात घोडा दामटतो ते जग उभं करण्यात इथल्या लोकांचाही घाम आहे. संहिता मात्र डॅन हाउसर, मायकल अन्सवर्थ आणि रूपर्ट हम्फ्रीज यांची. आता इथली मुलं स्वतःच्या गोष्टी लिहायला बसली आहेत, आणि पहिल्याच इयत्तेत त्यांच्या गळ्यात हा जखमेचा नियम बांधला जातोय. म्हणून एवढा कागद खर्ची घालतो आहे.

गेम न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. साल १८९९. अमेरिकेच्या पश्चिमेतल्या दरोडेखोर टोळ्यांचे दिवस भरत आलेत. डच हा वाचणारा, बोलका, स्वतःला तत्त्वज्ञ समजणारा म्होरक्या. होझेया त्याचा जुना जोडीदार. आर्थरला या दोघांनी पोरवयात उचलून वाढवलं. तो डचचा उजवा हात, मानलेला थोरला मुलगा. खेळणारा खेळतो तो आर्थर होऊन. मायका टोळीत नवा, काही महिन्यांपूर्वी आलेला. ब्लॅकवॉटर गावात बोटीवरचा दरोडा फसतो, पैसा तिथेच राहतो, टोळी बर्फाच्या डोंगरात पळते आणि तिथून पुढे पन्नास-साठ तास आपण हा गोतावळा उसवताना पाहतो. अखेर पाठलागावर असलेल्या पिंकर्टन गुप्तहेर संस्थेचा अधिकारी मिल्टन आर्थरला सांगतो की मायका फितूर आहे. खेळणाऱ्याला धक्का बसत नाही. त्याला पहिल्या प्रकरणापासून या माणसाचा वास येत असतो.

आक्षेप घेणारे नेमके इथेच बोट ठेवतात. जे आपल्याला पहिल्या तासात दिसतं ते डचला साठ तासांत दिसत नाही, म्हणजे एक तर डच मूर्ख किंवा लेखक आळशी. युक्तिवाद म्हणून हा चांगला आहे, त्याला उत्तर दिलंच पाहिजे. पण त्यात एक गृहीत दडलंय: ही फितूर कोण याची रहस्यकथा आहे. ती तशी नाहीच. २०१० च्या पहिल्या ‘रेड डेड’मध्ये, म्हणजे गोष्टीच्या हिशेबाने १९११ साली, डचचा शेवट आपण पाहून बसलो आहोत. टोळी फुटणार हे दुसरा भाग सुरू होण्याआधीच ठाऊक असतं. लेखकांना आपल्याकडून वेगळा प्रश्न विचारून हवा आहे: इतका उघडा माणूस डचला जवळचा का वाटतो?

आता डचकडे पाहा. ब्लॅकवॉटरला त्याने एका निरपराध मुलीला गोळी घातली. टोळीतल्यांना ते माहीत आहे, तेव्हापासून होझेया त्याच्याशी जपून बोलतो आणि आर्थर त्याच्याकडे निरखून पाहतो. वीस वर्षं ज्यांच्यासमोर आपण थोर होतो त्यांच्याच मनात शंकेची पाल चुकचुकायला लागलेली दिसणं, हे डचसारख्या माणसाला सोसत नाही. अशा वेळी एकच माणूस त्याच्याकडे पहिल्यासारखं पाहतो आणि तो म्हणजे त्याचा भूतकाळ न पाहिलेला मायका. तो हो म्हणतो. तो कौतुक करतो. तो डचच्या प्रत्येक लहरीला योजना म्हणतो. होझेया सँ डेनीच्या बँकेवरच्या दरोड्यात मारला जातो आणि मग डचच्या कानाशी मायकाखेरीज कुणी उरत नाही. मायकाचं मन समजून घ्यायचं असेल तर त्याचा पाळणा शोधण्यापेक्षा डचची भूक पाहा. ही भूक जो पुरवील त्याला या टोळीत जागा आहे, आणि मायकाने ही गोष्ट आल्या आल्या हेरली. प्रतिस्पर्ध्याच्या बुद्धीचा याहून चांगला पुरावा मी तरी गेममध्ये फारसा पाहिलेला नाही.

शिवाय, सगळं मायकाने बुडवलं या समजाला गेम आधार देत नाही. मिल्टनच्या म्हणण्यानुसार मायका त्यांना मिळाला तो टोळी ग्वार्मा बेटावरून परतल्यावर. बँकेचा दरोडा त्याआधीचा. मायका फितूर होण्याआधीच डचने सँ डेनीच्या ब्राँते या बड्या गुंडाला पाण्यात बुडवून मगरीपुढे टाकलंय, आणि ग्वार्मात एका म्हातारीचा गळा आवळलाय, तेव्हा सोबत होता तो आर्थर. पुढे तेलविहिरींपाशी आर्थर मरणाच्या दारात असताना डच त्याला बघतो आणि पाठ फिरवतो. त्या क्षणी मायका तिथे नव्हता. म्हणजे मायकाला काढून टाका, टोळी तरीही फुटते. दोन महिने उशिरा फुटेल, इतकंच. बोटीवरचा दरोडा ही त्याची सूचना होती हे खरं, पण सूचना ऐकायची की नाही हे ठरवणारा म्होरक्या कोण होता?

जखमेचा नियम मानणाऱ्यांना याच गेममध्ये त्यांच्या मनासारखा प्रतिस्पर्धी तयार मिळतो, आणि त्याच्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. त्याचं नाव कॉल्म ओड्रिस्कल. दुसऱ्या टोळीचा म्होरक्या. डचने त्याचा भाऊ मारला, त्याने डचची प्रेयसी ॲनाबेल मारली. कार्यशाळेत शंभरपैकी शंभर गुण मिळावेत असा भूतकाळ! भाऊ आहे, प्रेयसी आहे, सूडावर सूड आहे. आणि कॉल्म लक्षात राहतो का? सँ डेनीला तो फाशी जातो, डच आणि आर्थर ते पाहतात. दोर आवळतो आणि पुढे कशालाच काही फरक पडत नाही. डच एक इंचही बदलत नाही. इतक्या वर्षांचं वैर संपलं तरी पोटातली आग तशीच. कारण ती ॲनाबेलची नव्हतीच. लेखकांनी दोन्ही प्रकारचे शत्रू शेजारी शेजारी ठेवले आहेत: एकाला पुरेपूर कारण दिलं आणि तो विझून गेला, दुसऱ्याला कारण जवळजवळ दिलंच नाही आणि त्याच्यावरून आपण अजून भांडतो आहोत. याला आळस म्हणायचं असेल तर असा आळस मलाही जमावा.

‘जवळजवळ’ म्हटलं, कारण भूतकाळ आहे. मायकाच्या सामानात त्याच्या भावाचं, एमसचं पत्र सापडतं. आपण जुना रस्ता सोडला, आता घरदार आहे, मुलंबाळं आहेत, तू इकडे फिरकलास तर बरं होणार नाही, असा त्याचा मतलब. बहुतेक खेळणारे ते कधी उचलतच नाहीत. मला विचाराल तर त्याची योग्य जागा तीच, सामानात तळाशी. या पत्रातून इतकं कळतं की मायकाला सख्ख्या भावाने दार बंद केलंय आणि तो एका मानलेल्या बापाच्या घरात शिरून मानलेल्या भावाला बाहेर ढकलतो आहे. मानसशास्त्र हवं असेल तर हे घ्या, भरपूर आहे. फक्त ते पत्र व्हायोलिनच्या सुरावर, मंद उजेडात, कटसीन करून आपल्या तोंडावर मारलेलं नाही. मायका ते कुणाला दाखवत नाही, त्याचं भांडवल करत नाही. त्याने एकदा जरी ‘माझ्या भावाने मला टाकलं’ म्हणून डोळे पुसले असते तर तो मायका राहिला नसता, आणि आपण त्याला माफ करून मोकळे झालो असतो. मला वाटतं, आक्षेप घेणाऱ्यांना तीच मोकळीक हवी आहे.

कारण त्याला माफ करता येत नसेल तर आपल्याला आपल्याच हातांकडे पाहावं लागतं. स्ट्रॉबेरी गावच्या तुरुंगातून मायकाला सोडवायला आर्थर जातो. सुटल्यावर निमूट पळायचं सोडून मायका आपल्या बंदुकांसाठी अख्ख्या गावाशी गोळीबार मांडतो. खेळणारा त्याला शिव्या घालतो, पण गोळ्या कोण झाडतं? कंट्रोलर कुणाच्या हातात असतो? त्याच सुमारास आर्थरने टोळीतल्या स्ट्राउसची सावकारी वसूल करताना थॉमस डाउन्स या खंगलेल्या माणसाला त्याच्या बायको-मुलासमोर बडवलं आहे. तेही बटण आपणच दाबलेलं. त्याच माणसाचा क्षय आर्थरला लागतो, आणि पुढे मायका त्याला त्या खोकल्यावरून काळ्या फुप्फुसाचा म्हणून हिणवतो. किती नीच, असं आपल्याला वाटतं. पण आर्थर जे कुरकुरत करतो तेच मायका हसत करतो. दोघांमधलं अंतर कृतीपेक्षा कुरकुरीचं जास्त आहे, निदान पहिल्या अर्ध्या गेममध्ये तरी. मायकाबद्दलच्या आपल्या रागात हे न बघण्याची सोय आहे. प्रतिस्पर्ध्याचं मन खेळणाऱ्याच्या मनात कुठे घर करतं, हे या जागी कळतं.

आणि शेवटही तसाच बांधलाय. तुम्ही आर्थरला कसं वागवलं याचा हिशेब गेम ‘ऑनर’ नावाने ठेवतो. टोळीतल्या जॉन मार्स्टनला वाचवायला थांबलात आणि चांगले वागला असाल, तर आर्थर डोंगरावर उगवत्या सूर्याकडे पाहत जातो. वाईट वागला असाल तर मायकाची गोळी येते. एकाच माणसाचं एकच वैर, पण त्याचा हात कुठवर पोहोचेल हे तुमच्या वागण्यावर ठरतं. कादंबरीला हे करता येत नाही, नाटकाला येत नाही. गेमला येतं. आणि आमची मंडळी अजून कादंबरीच्या पद्धतीने भूतकाळ मागत बसली आहेत.

आता ही मागणी आली कुठून? मराठी माणसापुरतं सांगायचं तर मला एक संशय आहे. आपण सगळे कर्णावर वाढलो. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७ साली आलं आणि तेव्हापासून मराठी घरात विरोधी बाजूला उभा असलेला माणूस म्हणजे अन्याय झालेला माणूस, हे समीकरण इतकं पक्कं झालं की दुसरं काही सुचतच नाही. पुस्तक मीही वाचलंय, शाळेत असताना, रात्री दिव्यावर रुमाल टाकून. त्याची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. पण व्यासांचा कर्ण तिथेच थांबत नाही. भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मूळ संहितेत द्रौपदीने ‘सूतपुत्राला वरणार नाही’ म्हणून भर स्वयंवरात त्याला झिडकारल्याचा प्रसंग ठेवलेला नाही. आपल्या डोक्यातली सर्वांत ठसठसणारी जखम तिथे नाहीच! आणि उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगतो, राज्य देऊ करतो, तेव्हा कर्ण काय करतो? नकार देतो. राधा-अधिरथांची माया, दुर्योधनाचं मीठ, दिलेला शब्द अशी कारणं सांगतो, आणि हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, असंही बजावतो. म्हणजे जखम भरून निघायची संधी समोर आली असताना तो तिच्यावर पाणी सोडून त्याच बाजूला उभा राहतो. त्याचा हेतू काल काय झालं यात नसून आज आपण कुणाचे, या त्याच्या निवडीत आहे. त्याच १९६७ साली आलेल्या ‘युगान्ता’त इरावती कर्व्यांनी कर्णाकडे कोरड्या डोळ्यांनी पाहिलं, पण घराघरांत पोहोचलं ‘मृत्युंजय’. असो.

दुर्योधनाचं उदाहरण तर गेम लिहिणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावावं. मयसभेत तो स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजतो आणि पाण्याला जमीन समजून पडतो. चिकित्सक आवृत्तीत हा प्रसंग निवेदक सांगतो तेव्हा हसणारे आहेत सेवक, भीम, अर्जुन आणि जुळे भाऊ. द्रौपदीचं नाव नाही. आंधळ्याचा मुलगा आंधळा, हे वाक्य तर तिथे कुणाच्याच तोंडी नाही. पुढे दुर्योधन शकुनीमामाजवळ मन मोकळं करतो तेव्हा त्याला सलतं ते पांडवांचं वैभव, आणि हसले म्हणून तो बोट दाखवतो पहारेकऱ्यांकडे. आणखी थोड्या वेळाने बापासमोर उभा राहतो, कारण द्यूताला परवानगी हवी आहे; तोपर्यंत हसणाऱ्यांत कृष्ण आलेला असतो, आणि बायकांसह द्रौपदीही. अपमान सांगता सांगता वाढत गेला. व्यासांनी एका शब्दाचं भाष्य न करता दाखवून दिलं की प्रतिस्पर्धी स्वतःच्या जखमेबद्दल जे सांगतो ती साक्ष नव्हे, ती चाल आहे. तिचा उपयोग होतो. ज्याच्याकडून जे काढायचं त्याच्या बेताने ती बदलते.

आणि आपण काय करतो? खलपात्राला स्वतःच्या तोंडाने दुःख सांगायला लावतो आणि ते खरं धरून चालतो.

समोरच्या बाजूचं सर्वांत भक्कम उदाहरण म्हणजे जून २०२० मध्ये आलेला ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’. त्यात ॲबी ही मुलगी पहिल्या भागाच्या नायकाला, जोएलला, निर्घृणपणे मारते, आणि मग गेम आपल्याला जवळजवळ अर्धा वेळ ॲबी म्हणूनच खेळायला लावतो. तिचा बाप सर्जन होता, पहिल्या भागात जोएलने त्याला मारलं होतं. घ्या, जखम. बघा कसं समजून घ्यायला लावलं, असं म्हणतात. पण घडलं काय? अनेकांनी काहीच समजून घेतलं नाही. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तिने त्या जाहीर केल्या. बापाचा मृतदेह दाखवूनही धमक्या थांबल्या नाहीत. उलट, ज्यांचं मन ॲबीकडे वळलं त्यांच्याशी बोललात तर ते बापाचं नाव क्वचित काढतात. उंचीची भीती वाटत असताना तिने आकाशातला पूल कसा ओलांडला, लेव्ह आणि यारा या परक्या भावंडांसाठी स्वतःच्या लोकांशी कशी तुटली, हे सांगतात. खेळणाऱ्याने तिच्यासोबत केलेल्या गोष्टी कामाला आल्या, तिच्यावर झालेल्या नाहीत. माझ्या मते हा गेम जखमेच्या नियमाचा पुरावा नसून त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे.

एक जुना दाखला तर याहून उघडावाघडा. २०१४ च्या ‘शॅडो ऑफ मॉर्डॉर’मध्ये ओर्क सरदार असतात, यंत्राने घडवलेले, त्यांना आईबाप नाहीत की बालपण नाही. पण तुम्हाला मारलं की त्यातल्या एखाद्याला बढती मिळते, पुढच्या भेटीत तो तुम्हाला ओळखतो, टोमणा मारतो. अर्धवट जाळून सोडलेला भाजलेलं तोंड घेऊन परत येतो. ज्याने कधी हा गेम खेळलाय त्याला आपला एखादा ओर्क अजून नावाने आठवतो, आणि तो नुसता शिव्या घालत येणारा चेहरा होता. वॉर्नर ब्रदर्सने या यंत्रणेचं पेटंट २०२१ मध्ये पदरात पाडून घेतलं आणि २०२५ मध्ये ती बनवणारा मोनोलिथ स्टुडिओ बंद केला. धंद्याची अक्कल ती हीच. पण वैर भूतकाळातून आणावं लागत नाही, खेळता खेळता तयार होतं, हे त्या ओर्कांनी सिद्ध केलं आहे.

आक्षेप घेणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो: पोकळ प्रतिस्पर्धी असतात, आणि भरपूर असतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्सच्या ‘राजी’मध्ये (२०२०) महाबलासुराशी लढताना देखावा डोळ्यांत भरतो, हे वैर मात्र मनात रुतत नाही. तिथे काहीतरी कमी आहे हे खरं. पण ती कमतरता महाबलासुराच्या लहानपणाने भरून निघाली नसती. त्याला राजीकडून काय हवंय, तिच्याशिवाय त्याचं काय अडलंय, हे कळलं असतं तर निघाली असती. आणखी एक. खेळणारा माणसं मारतो, म्हणून त्याला शत्रूचं दुःख कळलं पाहिजे, असा नैतिक मुलामाही या नियमाला दिला जातो. मग ‘रेड डेड २’मध्ये आपण कॉल्मची जी पोरं डझनांनी लोळवतो त्यांच्या आयांची कुणाला फिकीर आहे? भूतकाळ मिळतो फक्त म्होरक्याला, ज्याच्या नावाने प्रकरण असतं त्याला. ही करुणा मानधन घेऊन काम करणाऱ्या नटापुरतीच आहे.

बेंगळुरात मला एक गेम व्हायला हवा आहे आणि त्यातला प्रतिस्पर्धी याच मातीतला आहे. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने केंपेगौडाच्या वंशजाकडून हे शहर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. १६६४ मध्ये शहाजीराजे वारले. दक्षिणेतली जहागीर राहिली धाकट्या, सावत्र मुलाकडे, व्यंकोजीकडे; त्याने पुढे तंजावर घेतलं. १६७७ मध्ये थोरला भाऊ, छत्रपती झालेला, कर्नाटकाच्या मोहिमेवर येऊन वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागतो. दोघे कोळ्ळिडम नदीच्या काठी भेटतात आणि व्यंकोजी रातोरात नदीपार निघून जातो. मग शिवाजी महाराजांची फौज मागे राहते, व्यंकोजी तिच्यावर चालून जातो, हरतो. समेट होतो तेव्हा बेंगळूर आणि आसपासचा मुलूख व्यंकोजीची बायको दीपाबाई हिला चोळीबांगडीसाठी दिला जातो, अशी आपल्याकडची परंपरा आहे.

या माणसाला लिहायला बसलात तर कार्यशाळा काय सांगेल हे मला आत्ताच ऐकू येतंय. सावत्र मुलगा. बापाचं प्रेम वाटून घ्यावं लागलेला. थोरल्याच्या सावलीत वाढलेला. झालं, पहिलं कटसीन: पाच वर्षांचा व्यंकोजी दाराआडून बघतोय. कृपा करून हे करू नका. यातलं काहीही आपल्याला माहीत नाही, आणि गरजही नाही. जे माहीत आहे ते पुरेसं आहे. तो विजापूरच्या दरबारचा सरदार होता आणि भाऊ त्याच दरबाराविरुद्ध उभा होता. बापाच्या हयातीत जे सांभाळलं आणि स्वतःच्या तलवारीने जे जोडलं, त्याचा अर्धा भाग देण्यात त्याचं नुकसान होतं. बापाच्या वेळचा कारभारी रघुनाथपंत हणमंते त्याच्याशी बिनसून भावाकडे गेला होता, म्हणजे घरातली कुलपं कुठे आहेत हे भावाला ठाऊक होतं. आणि समोर बसलेला माणूस असा, की ज्याला नाही म्हणणं अशक्य आणि हो म्हणणं परवडत नाही. म्हणून तो रात्री नदी उतरला. मला यापेक्षा स्वच्छ हेतू नको, आणि तो कळायला त्याचा एक अश्रूही मला नको.

मराठी गेमलेखकाची अडचण इथे दुहेरी आहे. व्यंकोजीला नीच केलं तर आपल्या इतिहासाला बरं वाटतं. दुखावलेला केलं तर आपल्या कादंबरीला. दोन्ही न करता त्याला स्वतःच्या हिताचा हिशेब करणारा, घाबरणारा, डोकं चालवणारा माणूस ठेवायला हिंमत लागते, कारण मग थोरल्या भावाची मागणीही तपासावी लागते. खेळणाऱ्याला शिवाजी महाराजांच्या बाजूने बसवा, वाटा मागायला लावा, आणि समोरच्याचं उत्तर ऐकायला लावा. त्याला पटो न पटो.

लिहिणाऱ्या मंडळींना माझं एवढंच मागणं आहे. पुढच्या बैठकीत कुणी फळ्यावर प्रतिस्पर्ध्याचं नाव लिहून त्याखाली ‘लहानपणी काय झालं?’ असं लिहिलं, तर ते पुसा आणि ‘आज याला नायकाकडून काय हवंय, आणि ते कोण पुरवतंय?’ असं लिहा. चार ओळींत उत्तर आलं नाही तर त्याचं बालपण लिहूनही येणार नाही. ‘रेड डेड २’वर अजूनही रागच असेल तर एकदा परत खेळा, पण यावेळी मायका बोलत असताना त्याच्याकडे पाहू नका. डचच्या चेहऱ्याकडे पाहा.